प्रिंटरमधून पुसलेली चिमणी

बिलाच्या प्रिंटरची कामं करणाऱ्यांनो, जरा सांगा मला.

आज दुपारी इंदिरा नगरमधल्या एका बेकरीत प्रिंटरमध्ये आधीच्या लोगोसोबत आणखी एक लोगो घालायला गेलो होतो. आधीच्या लोगोत एक चिमणी होती. मालकीणबाईंच्या यजमानांनी स्वतः काढलेली. ते आता नाहीत. नवा लोगो साठवायची कमांड जुने सगळे लोगो पुसून टाकते, हे मला पक्कं माहीत होतं. तरी घाईत, मूळ फाइल आहे का हे न विचारताच कमांड पाठवून दिली.

"भैया, चिड़िया कहाँ गई?" मालकीणबाईंनी, म्हणजे भाभीजींनी, विचारलं.

फाइल कुठेच नव्हती.

"अभी आ जाएगी, भाभीजी," म्हणालो. कचऱ्याच्या डब्यातून सकाळचं एक बिल काढलं आणि ते बघून लॅपटॉपवर ठिपक्याठिपक्याने चिमणी पुन्हा काढली. तासभर लागला.

नवं बिल निघालं. भाभीजींनी चिमणीवरून बोट फिरवलं. "इनका हाथ ही अलग था," म्हणाल्या आणि मला केक बांधून दिला.

केक समोर आहे, खाववत नाही. ती चिमणी माझ्या हातची आहे. उद्या जाऊन खरं सांगू, की राहू देऊ? तुम्ही काय केलं असतं?