वेलाला बांधलेली चिंधी

आमचा म्हातारा गेला तेव्हा गावातल्या पोरांनी टोकावडे फाट्यावर फ्लेक्स लावला. 'निसर्गमित्र वाळूबाबा.' खाली टोपी घातलेला त्याचा फोटो आणि मागं कुठला तरी बर्फाचा डोंगर. मी बोलले, मित्र कसला डोंबलाचा! लावणीला मी गुडघाभर चिखलात, आणि हा मित्र रानात अळंबी हुडकतोय.

पन्नास वर्षं आमी संसार केला. म्हणजे मी केला, तो डोंगरावर असायचा. सकाळी कमरेला कोयता अडकवला की चालला. कुठल्या कड्याखाली मध, कुठल्या ओहोळात खेकडे, सगळं त्याला ठाऊक. घरात मिठाचा डबा कुठं असतो ते मात्र मरेपर्यंत कळलं नाय.

मग एका शेटनं त्याला बंगल्यावर माळी म्हणून ठेवला. काम काय, तर गवताला पाणी घालायचं. आणि त्या गवतावर ढोर सोडायचं नाय! म्हातारा घरी येऊन पोट धरून हसायचा. पण बारा वर्षं इमानदारीत पाणी घातलं त्यानं.

पुढं गुडघे गेले, डोंगर सुटला. म्हातारा कुठला गप बसतोय! वरच्या वाडीतली सावळी फाट्यावर रानभाजी विकते, तिच्याकडून करटोलीचे कंद मागवले आणि परसात मांडव घातला. दर पावसाळ्यात हिरवीगार काटेरी करटोली लटकायची. आख्खी आळी न्यायची. कौतुक त्याचं, चुलीपुढं मी.

त्या मांडवात एक वेल मुलखाचा आळशी. फुलायचा सगळ्यांच्या आधी, फळ एक नाय. त्यालाच म्हाताऱ्यानं माझ्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली. चांगलं लुगडं होतं हो! विचारलं तर बोलला, "बायजे, याला हात नको लावू." का ते पण सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. आमच्यात तसंच चालायचं.

पौषात, म्हशाच्या जत्रेच्या आठवड्यात तो गेला. आषाढात मांडव पुन्हा भरला, आणि हा ऐतखाऊ चिंधी मिरवत सगळ्यांच्या पुढं. मला असला राग आला! मेल्या, तू गेलास आणि हा ठेवून गेलास? एक बसून खाणारा पोसला, आता दुसरा नाय. कंदासकट उपटला आणि उकिरड्यावर टाकला.

श्रावण सरला. फुलं आली तशी गळली. भादव्यात पितरांचं पान ठेवायचं होतं. त्यावर त्याची करटोलीची भाजी असावी, एवढंच माझ्या मनात. दोनदा मांडव चाचपला, एक करटोली नाय. शेवटी भोपळा ठेवला. कावळ्यानं मुकाट्यानं खाल्ला. म्हातारा पण तसाच, पुढ्यात पडेल ते खायचा.

चार दिवसांनी सावळी आली. मांडव बघून बोलली, "आजी, चिंधीवाला कुठं?"

मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "अगो, तो नर होता! नर नसला तर बाकीच्या वेलांना फळ धरत नाय. म्हणून तर बाबानं खूण केलेली."

उकिरड्यावर बघितलं तर वेल कधीच सडलेला. तिथंच बसून ढसाढसा रडले. म्हातारा गेला तेव्हा इतकी रडले नव्हते, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी त्याचा कोयता कमरेला अडकवला आणि सावळीच्या मागं डोंगर चढले. सत्तरीची बाई मी, चार ठिकाणी बसले. सावळीनं फुलं उलटून दाखवली. फुलाच्या मागं बारीकशी करटोली असेल ती मादी, नसेल तो नर. नराचा कंद पदरात बांधून घरी आले तर पोरगा दारात उभा.

"आये, दिवसभर कुठं उंडारत होतीस?" पंढरी बोलला. पन्नास वर्षं मी म्हाताऱ्याला हेच विचारायची, याच आवाजात. मी पण त्याच्यासारखाच कोयता खुंटीला अडकवला, आत गेले.

यंदा मांडव लगडलाय. परवा पंढरी विळा घेऊन साफसफाईला लागला. त्या वेलाशी थांबला. वेलाला चिंधी हाय, माझ्या नव्या लुगड्याची.

"आये, याला एक पण फळ नाय. काढू काय?"

"हात तर लावून बघ!" मी ओरडले. "तो काय करत नाय. त्यानं नुसतं असायचं."