उभं राहायचं निमंत्रण

कसबा पेठेतले आमचे शेजारी रज्जाकभाई तांबोळी हे दीनानाथ गद्रे वकिलांचे शिपाई. १९७७ साली गद्रे दूरच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल झाले आणि रज्जाकभाईंना सोबत घेऊन गेले.

गेल्या गेल्या रज्जाकभाईंच्या छातीवर जरीचा लाल पट्टा आला. अर्ज घेऊन येणारी माणसं राजभवनाच्या मागच्या फाटकाशी अनवाणी ताटकळत असत, कुणी तीन-तीन दिवस. गद्र्यांनी महिन्याच्या आत दोन्ही रिवाज मोडले. पट्टा गेला. दर शुक्रवारी पुढचं दार उघडं. चपला घालून या, खुर्चीत बसून बोला. खुर्च्या मांडायचं काम रज्जाकभाईंचं. एका सचिवाने त्या उचलायला सांगितल्या, तर हे म्हणाले, "उचलतो की. साहेबांची सही आणा." सही काही आली नाही.

गद्रे वारले. २००८ साली सदाशिव पेठेत त्यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम ठरला. समितीचे श्यामसुंदर लेले रज्जाकभाईंच्या घरी आले.

"लाल पट्टा बांधून तसबिरीशेजारी उभे राहा. फोटोत शोभेल."

"अहो, तो साहेबांनीच बंद केला होता."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एक दिवससुद्धा नाही."

रज्जाकभाईंची बायको मदिनाबी आतून म्हणाली, "चहा घेऊन जा हो. पट्टा मिळायचा नाही."

कार्यक्रमाला रज्जाकभाई साध्या सदऱ्यात गेले आणि पहिल्या रांगेत बसले. स्वयंसेवक धावत आला.

"आजोबा, ही जागा निमंत्रितांची."

"मला उभं राहायचं निमंत्रण होतं. मी बसायला आलोय."

भाषणांत मानपत्रं आली, परदेश दौरे आले. शुक्रवारचं कुणी नावही काढलं नाही. तेव्हा रज्जाकभाई उठून थेट माइकपाशी गेले आणि खुर्च्यांची सगळी हकिकत सांगितली. लेल्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं. ते थांबले नाहीत.

बाहेर सभागृहाची झाडलोट करणाऱ्या शकूने त्यांना गाठलं. विधवा पेन्शनच्या अर्जासाठी ती वर्षभर एका कचेरीत खेटे घालत होती. दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई तिच्याबरोबर गेले, टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि तिला म्हणाले, "बस."

"कुणी सांगितलं बसायला?" कारकून खेकसला.

"मी. आता अर्ज वाचा."

तसं चार वेळा जावं लागलं. दिवाळीच्या आधी शकूची पेन्शन सुरू झाली.