पिंपातलं पाणी

मच्छरदाण्या सांधून सांधून तिचे डोळे बारीक झाले होते आणि पाठ कमानीसारखी वाकली होती. गल्ली तिला जाळीवाली मावशी म्हणे. फाटकी मच्छरदाणी आली की आधी परसातल्या पिंपात भिजत टाकायची, मळ सुटून धागा मऊ झाला की मगच सुईला हात लावायचा. सासूने शिकवलेली ही रीत तिने कधी मोडली नाही. मोडलं ते एकच. सासू रोज पिंप उपसून ताजं पाणी भरायची. मावशीचे गुडघे आता नळापर्यंतही कुरकुरत जात. ती जुन्याच पाण्यात वरून बादलीभर ओतायची आणि म्हणायची, पाणी ते पाणी.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. गेल्या साली डासांच्या तापाने तिची पार रया गेली होती, म्हणून मावशीने यंदा घराचा किल्ला केला. खिडक्यांना जाळी ठोकली. दिवेलागणीच्या आधी दार लोटायचं. ओट्यावर बसायचं तर लांब बाह्या, पायमोजे, उघड्या अंगाला मलम. पलंगावर स्वतःच्या हातची मच्छरदाणी, गादीखाली चहूकडून खोचलेली. दुपारच्या झोपेलासुद्धा. तरी परसात कपडे वाळत घालून आली की लेकीच्या पोटऱ्यांवर गांधी उठलेल्या असायच्या.

"आई, मी आपली सकाळच्या गाडीने परत जाते," लेक एके दिवशी खाजवत म्हणाली. "तिकडे सासूबाई बोलतात, पण डास तरी चावत नाहीत."

मावशीला ते सुईसारखं टोचलं. ती तडक शेजारच्या टायरवाल्याकडे गेली.

"तुझ्या टायरांत डासांची वसाहत आहे. माझी लेक पळवून लावलीस तू."

"मावशी, गेल्या महिन्यात तुम्ही पिसं काढलीत, तेव्हाच सगळे टायर छपराखाली घेतले. घाला हात."

तिने एकेका टायरात हात घातला. सगळे कोरडे ठणठणीत. हाताला काळं लागलं, एवढंच. ती पदराला हात पुसत घरी आली.

लेक पिशवी भरत होती. मावशीला वाटलं, जातेच आहे तर बाळासाठी केलेली छोटी मच्छरदाणी तरी बरोबर द्यावी. ती पिंपात भिजत होती. तिने दोन्ही हातांनी जाळी वर उचलली. पाणी निथळून गेलं आणि जाळीत राहिले धाग्याएवढे किडे, वळवळणारे, मूठभर.

तिने जाळी डोळ्यांजवळ नेली.

"काय गं?" लेक मागून आली.

"डासांची पिल्लं," मावशी म्हणाली. "मीच पाळली."

लेक हसेल असं तिला वाटलं होतं. लेक हसली नाही. नुसती दाराच्या चौकटीला टेकली.

पिंप आडवं करायला मावशीची ताकद पुरेना. ती पुन्हा कुंपणापाशी गेली.

"चल रे. पिंप पालथं करायचंय. आणि काय बोलायचं ते आजच बोलून घे."

"रोज बोलायची सवय तुम्हाला, मला नाही," टायरवाला म्हणाला आणि बाह्या सरसावत आला.

पाणी तापलेल्या मातीवर पसरलं आणि जिरलं. कडांना अंडी चिकटून राहतात, म्हणून मावशीने आतून काथ्याने घासघास घासलं. मग पिंप उन्हात पालथं घातलं आणि तिथेच पायरीवर बसली. उद्यापासून जेवढं काम तेवढंच पाणी, तेही रोजचं रोज आणायचं. नळ तिला आणखीच लांब वाटला.

"सकाळची गाडी किती वाजता?" तिने विचारलं.

"बघू. चार दिवस थांबून बघते," लेक म्हणाली. "तू आधी ती जाळी सुकव. बाळाला लागेल इथे."

मावशीने मान हलवली. उठायला मात्र तिला थोडा वेळ लागला.