एक्का आणि छक्की

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कापड कारखान्यात मी हिशेबाचा संगणक सांभाळायचो. त्या संगणकाला मी ब्लॅकजॅक शिकवला, म्हणजे एकवीसच्या वर न जाता त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ. तो एकटाच हजारो डाव खेळायचा आणि कधी पान घ्यावं, कधी थांबावं ते सांगायचा. त्याचा अभिमान मला आजही आहे.

सातम-आठमला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांत, सोसायटीत पत्ते मांडले होते. शेजारच्या मित्राकडे एक्का आणि छक्की आली, म्हणजे अकरा आणि सहा, सतरा झाले. तरी त्याने पान मागितलं आणि हरला.

"आमचं मशीन इथे थांबायला सांगतं. तू पोरांसोबत झब्बू खेळ," मी म्हणालो. सगळे हसले. त्यानंतर तो पत्त्यांना बसला नाही.

दिवाळीच्या सुमारास माझी चूक सापडली. एक्का अकरा धरतात, पण गरज पडली तर एक सुद्धा धरता येतो; मग एक्का-छक्कीचे सातच होतात आणि आणखी एक पान घेतलं तरी एकवीसच्या वर जायची भीती नसते. मी फक्त अकराच लिहिला होता. दुरुस्ती केल्यावर एक्का-छक्कीला मशीनही पान घ्यायलाच सांगू लागलं. प्रोग्राम बिनचूक झाला म्हणून मी पेढे वाटले. त्या शेजारच्या मित्राच्याही दारात गेलो.

"कशाचे रे पेढे?"

"मशीन बरोबर आलं," एवढंच म्हणालो. "तुझंच बरोबर होतं, माफ कर," हे तोंडातच राहिलं.