दोष कोणत्या टोकाला?

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आधी ऑपरेटर, पुढे तक्रार विभागात. त्यामुळे घरात कुणी नुसतं "चालत नाही" म्हटलेलं त्यांना खपत नाही. "चालत नाही म्हणजे काय? कधी चालत नाही? नीट सांग." मिक्सर असो नाहीतर नातीचं गणित, प्रश्न हाच.

या वेळी तक्रार त्यांच्यावरच आली. टीव्हीखाली आम्ही तो लांबुडका स्पीकर बसवल्यापासून आवाजाचं काही खरं नव्हतं. जाहिराती संपल्या की मालिकेतली माणसं कुजबुजायला लागायची. आई रिमोट घेऊन आवाज चढवायच्या. चार वाक्यं होतात न होतात तोच घर दणाणायचं आणि माझा नवरा आतून ओरडत यायचा.

"आई, अगं बहिरी झालीयेस का?"

सुरुवातीला ती थट्टा होती. मग एक दिवस त्यानं कानाच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेऊन टाकली, आईंना न विचारता. त्याच संध्याकाळी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो न उचलता माझ्याकडे सरकवला. जन्मभर लोकांचं ऐकून घेण्याची नोकरी केलेल्या बाईला स्वतःच्या कानांचा भरवसा वाटेनासा झाला होता. मला ते बघवेना.

"आई, टीव्हीचंच काहीतरी असेल हो," मी म्हटलं.

"असेल म्हणून भागत नाही, बाई. तपासावं लागतं," म्हणत त्यांनी पदर खोचला.

लाइन बिघडली की ती मध्येच तोडायची आणि अर्धी अर्धी तपासायची, ही त्यांची जुनी रीत. रविवारी दुपारी त्यांनी मला टीव्हीच्या मागे घातलं. धुळीनं शिंका येत होत्या, पण सुटका नव्हती. आधी स्पीकरची वायर काढायला लावली. टीव्हीचा स्वतःचा आवाज अगदी सरळ. मग माझ्या फोनवरची गाणी थेट स्पीकरवर लावली. तोही गुणी. वायर पुन्हा जोडली आणि दंगा सुरू.

"वेगळे असले की शहाणे, एकत्र आले की तमाशा," आई म्हणाल्या. "जावा-जावा दिसतायत मेल्या."

चष्मा चढवून त्यांनी सेटिंग वाचायला घेतली. आवाज आपोआप सारखा ठेवायची सोय टीव्हीत चालू होती. स्पीकरच्या रिमोटवर चंद्राचं बटण होतं, मोठे आवाज दाबून धरणारं. तेही चालूच. म्हणजे जाहिरातीला दोघंही आवाज दाबायचे, ती संपली तरी सोडायचे नाहीत, आणि आईंनी आवाज वाढवला की मग दोघं एकदम हात काढून घ्यायचे.

"हे कुणी लावलं?"

नवरा दारात उभा होता. "मीच. जाहिराती फार ओरडतात म्हणून."

"दोन्हीकडे?"

"एकानं भागलं नसतं तर?"

"शाब्बास! आता भाजीतही मीठ तू आणि तुझी बायको, दोघंही घाला."

चंद्र बंद केला. माणसं माणसांसारखी बोलायला लागली. नवऱ्यानं मुकाट्यानं खिशातून फोन काढला. "चुकलो. बुधवारची वेळ रद्द करतो."

"थांब. तपासणी अर्धवट सोडत नाहीत."

त्यांनी आम्हाला एकेक करून सोफ्यावर बसवलं आणि आवाज शून्यापासून चढवत नेला. शब्द न् शब्द कळला की हात वर करायचा. नवऱ्याचा हात चौदावर गेला, माझाही चौदावर. मग रिमोट माझ्या हातात देऊन त्या स्वतः बसल्या. उजव्या कानात बोट घालून डाव्यानं ऐकलं, पंधरा. मग डावा बंद केला. मी चढवत राहिले. सोळा, अठरा, वीस. हात वर झाला तो बावीसला.

"आई, एवढं काही नाहीये गं ते," नवरा हळूच म्हणाला.

"बावीस म्हणजे बावीस." त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आठवडाभरात पहिल्यांदाच निवांतपणा दिसत होता. "तिकडचा दोष गेला, उरलेला या टोकाचा आहे. बुधवारी जाऊ आपण. फक्त डॉक्टरांना सांगून ठेव, डावा चांगलाय, मी तपासलाय. उजव्यालाच नीट वेळ द्या म्हणावं."