डोरीनचं भूत

आमच्या यॉर्कमध्ये ज्या पबात भूत नाही, त्याला कुत्रंही विचारत नाही. नॉर्मन आउथवेटनं भुतांची फेरी सुरू केली तेव्हा हे मला पुरतं कळलं. नॉर्मन म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. काळा झगा, उंच टोपी, हातात कंदील. शनिवारी संध्याकाळी सहाला पंधरा-वीस पाहुणे गोळा करायचा आणि चार पबांतून फिरवायचा. प्रत्येक पबात एक भूत आणि भुतागणिक एक पेला. बाकी तिघांकडे भुतं तयारच होती. कुणाकडे रोमन शिपाई, कुणाकडे मुंडकं नसलेला सरदार. माझ्या ‘तीन हंस’मध्ये साधी पालसुद्धा चुकचुकत नव्हती.

“बेरिल, काहीतरी दे की गं,” नॉर्मन म्हणाला. “तीनशे वर्षांचा पब आणि धड एक मेलेलं माणूस नाही? लाज वाटायला हवी तुला.”

मेलेलं माणूस होतं. त्याची गोष्ट मी दिली, आणि देताना लाज वाटली नाही. आता वाटते, आणि जाता जात नाही.

डोरीन सेजविक आमच्या काउंटरवर कामाला होती. १९६१ साली ती एकवीस वर्षांची, मी चौदाची. पब माझ्या वडिलांचा. डोरीन एका हातात पाच पेले धरायची. कुणी म्हातारा चावटपणा करायला लागला की म्हणायची, “आजोबा, दात घरी ठेवून आलात, जीभपण ठेवून यायची होती!” आणि सगळा पब खो खो हसायचा. मला आई नव्हती. केस कसे कुरळे करायचे, पोटात दुखायला लागलं की काय करायचं, सगळं तिनंच सांगितलं. पगारी बाई होती, पण माया फुकट करायची. अशा बाईशी मी काय वागले ते ऐका.

मुतारीकडे जायच्या बोळात, जमिनीतच, तळघराची झडप आहे. घरचा नियम एकच: झडप उचलली की मोठ्यानं “झडप!” म्हणून ओरडायचं, वाटेत स्टूल आडवं टाकायचं, आणि उघडेल त्यानंच बंद करायची. त्या संध्याकाळी डोरीननं खाली जाऊन बिअरचं पिंप बदललं आणि झडप लावली. मग मी चोरून खाली उतरले, सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली उचलायला. ओरडणार कशी? चोर कधी ओरडतो का? वर आले तोच कुणाची तरी पावलं वाजली. बाटली झग्याखाली दडवून जी पळाले ती थेट माडीवर. झडप उघडीच राहिली. पाचच मिनिटांत पर्सी लमली, आमचा पोस्टमन, त्या अंधाऱ्या बोळात गेला. उघड्या झडपेतून खाली कोसळला आणि मान मोडून जागच्या जागी मेला.

डोरीन धाय मोकलून रडत होती. “लावली होती मी. लावली होती ना? अहो, मला आठवतच नाही आता!”

“तू नाही तर कुणी उघडी टाकली? माझ्या बापानं?” वडील कडाडले.

मी जिन्यात उभी होते. तोंड उघडायला काय झालं होतं माझ्या? दातखीळच बसली. चार दिवसांत डोरीन एक पेटी घेऊन गावातून निघून गेली. खरं सांगते, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, सुंठेवाचून खोकला गेला.

तर हीच डोरीन मी नॉर्मनला भूत म्हणून दिली. ‘निष्काळजी डोरीन’. शेवटी तिनं नदीत उडी घेतली, हे माझ्या पदरचं. नावसुद्धा बदललं नाही. तिचं कोण बसलंय इथं ऐकायला, असं वाटलं. नऊ वर्षं दर शनिवारी नॉर्मन ती गोष्ट रंगवायचा, पाहुणे अंगावर काटा आला म्हणायचे, आणि मी हसत हसत बिअर भरून द्यायचे. निर्लज्जपणाची कमाल झाली, दुसरं काय!

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. फेरीत लग्नाआधीची मजा करायला आलेली एक नवरीमुलगी होती, गुलाबी पट्टे घातलेल्या तिच्या मैत्रिणी होत्या, दोन-चार अमेरिकन, आणि मागं काठी टेकत उभी एक म्हातारी. नॉर्मन झडपेपाशी कंदील धरून बोलत होता, “आजही ती इथंच रडते. म्हणते, लावली होती मी, लावली होती...”

म्हातारीनं शाळेत करतात तसा हात वर केला. “मी नदीत उडी नाही घेतली हो. लीड्सला गेले. बेकरीत लागले.”

“या, आजी, या!” नॉर्मन म्हणाला. “भुतांना आमच्याकडं तिकीट माफ!”

पोरी खिदळल्या. म्हातारी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

“बेरिलच ना तू? बापाचंच नाक आहे,” ती म्हणाली. “पेपरात फेरीची जाहिरात वाचली. ‘निष्काळजी डोरीन’. म्हटलं, खरंच तर आहे. एकटीनं यायचा धीर होईना, म्हणून तिकीट काढून या लोकांबरोबर आले. तुझ्या वडिलांची माफी मागायची राहिली होती गं. ते नाहीत, तर तुझी मागते. माझ्यामुळं तुमच्या घराला बट्टा लागला.”

माफी! माझी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला पेला मी खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत बोलले, “डोरीन, झडप मी उघडी टाकली. तू लावली होतीस. मी सायडर चोरायला खाली गेले होते. मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसले.”

आणि मग टाळ्या! नवरीमुलगी शिट्टी वाजवत होती. एक अमेरिकन बाई डोळे पुसत म्हणाली, “काय काम करतात दोघी! अगदी खरं वाटलं.” नॉर्मननं मात्र माझं तोंड बघितलं. टोपी काढून त्यानं सगळ्यांना मुकाट्यानं बाहेर नेलं.

आम्ही दोघीच राहिलो. मला वाटलं, आता ती काठी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं. ती नुसती झडपेकडं बघत राहिली.

“म्हणजे मी लावली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“अठ्ठेचाळीस वर्षं मी घरातून निघाले की तीनदा परत जाऊन कुलूप ओढून बघते. गॅस बघते. शेजारीपाजारी हसतात मला.”

“डोरीन, मला—”

“थांब, बोलू दे. कॉलिनला, माझ्या नवऱ्याला, पोरांची फार हौस होती. दोन वर्षांपूर्वी गेला तो. कधी एका शब्दानं बोलला नाही मला. मीच नको म्हटलं होतं. म्हटलं, जिला एक झडप लावायचं भान राहत नाही, तिच्या हातात तान्हं मूल कुणी द्यावं?”