चालेलसाहेब

कामावर त्याला चालेलसाहेब म्हणायचे आणि घरी बायको होयबा म्हणायची. दोन्ही नावं त्याने हसत हसत मिरवली. कुणाचं म्हणून मन मोडायचं नाही, असा त्याचा स्वभाव. भाजी खारट झाली तरी चालेल, करपली तरी चालेल. शेजाऱ्याने स्वतःची गाडी ह्याच्या दारात आडवी लावली, तीही चालेल. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे. भाजी आणि गाडी एवढ्यावरच भागलं असतं तर देवमाणसाने कुणाचं काही बिघडवलं नसतं. पण ह्या देवमाणसाच्या सहीवर इमारती उभ्या राहायच्या.

बरं, त्याला काम येत नव्हतं असंही नाही. येत नसतं तर अडाणी म्हणून सोडून देता आलं असतं. कुठल्या तुळईवर किती भार येतो, तिच्यात किती लोखंड लागेल, हे तो चहा निवायच्या आत कागदावर मांडायचा. त्याच्या नकाशात चूक काढायला दुसरे इंजिनिअर कचरायचे. कागदावर हा माणूस वाघ होता. पण कागद कामावर गेला, ठेकेदाराने डोकं खाजवत ‘साहेब, एवढं जरा असं केलं तर?’ म्हटलं, की वाघाची शेळी व्हायची. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. मग फोनवरच परवानगी. कागद नाही, नवा हिशोब नाही. कुणाचंच काम अडत नव्हतं, त्यामुळे सगळे खूश होते.

त्याचा भाचा, मोठ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअर झाला तेव्हा बहिणीने त्याला ह्याच्यासमोर आणून उभं केलं. "तुझ्यासारखा कर ह्याला," म्हणाली. ज्याच्या इमारतींचे नकाशे हा काढायचा, त्याच बिल्डरकडे ह्याने त्याला चिकटवून दिलं. भाचा कामावर उभा राहायचा आणि अडलं की मामाला फोन करायचा. मामाचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. विचारल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही, ही शिस्त त्याने पहिल्या दिवसापासून पाळली.

त्या दिवशी फोन आला तेव्हा मामा चपलांच्या दुकानात होता. एक पाय नव्या चपलेत, एक मोकळा. बायको काळी की तपकिरी विचारत होती आणि तो दोन्हींना मान डोलावत होता.

"मामा, खालच्या मजल्यावरचा मधला खांब आहे ना, त्यामुळे मालाचा ट्रक आत वळणार नाही," भाचा म्हणाला. "बिल्डर म्हणतात, तीन फूट सरकवा."

"बरं."

"पण वरचे खांब नकाशात आहेत तिथेच ठेवा म्हणतात. वरच्या खिडक्या तशा ठरल्यात. मग वरचा खांब खालच्यावर न येता तुळईवरच येईल. चालेल ना? की तू एकदा बघतोस?"

भाच्याने बरोबर प्रश्न विचारला होता. ह्याला तो बरोबर कळलाही होता. वरच्या तीन मजल्यांचं ओझं आता खांबातून सरळ इमारतीच्या पायात न जाता मधल्या तुळईच्या पाठीवर बसणार होतं, आणि ती तुळई त्यासाठी केलेलीच नव्हती. ती दुप्पट जाड लागली असती. कागद पेन्सिल घेऊन बसला असता तर हे त्याच्याच हातून उतरलं असतं. पण मागून बिल्डरचा आवाज येत होता, "विचार ना, काँक्रीटची गाडी दारात उभी आहे." दुकानदार दुसरी चप्पल घेऊन ताटकळत होता. बायको घड्याळ बघत होती. एवढ्या लोकांना थांबवायचं म्हणजे ह्याच्या जिवावर आलं.

"चालेल, कर," तो म्हणाला. घरी गेल्यावर बघू, असंही त्याच्या मनात आलं होतं. घरी गेल्यावर पाहुणे आले होते.

इमारत पुरी झाली नाही. वर पाण्याच्या टाक्या भरल्या त्या दिवशी दुपारी ती मधोमध बसली. खाली फरशी बसवणारे नवरा-बायको होते आणि एक वायरमन. तिघेही गेले. जेवणाची सुट्टी झाली होती, पण सिमेंट सुकायच्या आत ओळ पुरी करू म्हणून नवरा-बायको थांबले होते. नीट काम करायची हौस त्यांना नडली. ज्याने काम नीट करायचं होतं तो जेवायला वेळेवर बसला होता.

पोलिसांनी कामावर जो सापडला त्याला उचललं. म्हणजे भाच्याला. भाच्याने पहिल्याच जबाबात सांगितलं की खांब मामाला विचारून सरकवला. पुढे काही बोलला नाही. बाकीचं मामा सांगेल, अशी त्याची खात्री होती.

बहीण रडत आली. आल्या आल्या भावाचे दोन्ही हात धरले. "तू नुसतं खरं सांग. त्याने विचारलं होतं, एवढंच."

"सांगतो, ताई."

"सांगशील ना नक्की?"

"अगं, सांगणार म्हणजे काय! तो माझाच आहे."

आणि बोलताना ते मनापासून होतं, ह्यात खोट नाही. समोर ताई होती, तिचा चेहरा पडलेला होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी बिल्डरचा वकील आला. गोड बोलणारा माणूस. "साहेब, आमच्या बिल्डरच्या आणखीही इमारती तुमच्या सहीवर उभ्या आहेत," तो म्हणाला. "फोनवर खांब हलतात असं एकदा कळलं, की सगळ्या सील. लोक रस्त्यावर येतील. तुमचं लायसन्स जाईल आणि तुम्ही आत जाल. मुलगा तरुण आहे, चूक झाली म्हणेल, लवकर सुटेल. फोन तर तुम्हा मामा-भाच्यांचे रोजचेच. त्यात काय बोलणं झालं ते कुणी ऐकलंय?"

बायकोने ऐकलं होतं, एका हाताच्या अंतरावरून. तिने ह्याच्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

"बघतो," हा वकिलाला म्हणाला. वकील समाधानाने हसला. त्याला माणसं कळत होती.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे अधिकारी बाई, त्या स्वतः इंजिनिअर. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला शिपायाशेजारी भाचा. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. मामाला बघून तो सावरून बसला, आता आपली वकिली करणारा आला ह्या भरवशाने.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "खांब सरकवायला तुम्हाला विचारलं होतं का?"

उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द ह्याच्या तोंडात जन्मभर बसलेला. लग्नात, मयतात, चपलांच्या दुकानात, वाटेल त्याला त्याने तो फुकट वाटला होता. ह्या एका माणसाला, ह्या एकाच वेळी तो द्यायचा होता. त्याने भाच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. स्वतःला तो जेवढं ओळखून होता तेवढं त्याला इतर कुणी ओळखत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"मला विचारलं असतं तर मी कधीच हो म्हटलं नसतं. वरचा खांब तुळईवर घेणं म्हणजे मरण आहे. तुळई दुप्पट जाड लागते." आणि त्याने कागद ओढून हिशोब मांडून दाखवला. एकही आकडा चुकला नाही. बाई वाकून बघत राहिल्या. भाचाही बघत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "हे तेव्हा का नाही सांगितलंस, मामा?"

कुणी ते लिहून घेतलं नाही. वकील म्हणाला, आरोपीने मध्ये बोलू नये.

तो बाहेर आला तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर ताई बसली होती, मांडीवर डबा घेऊन. धडपडत उठली.

"सांगितलंस ना?"

तिचा चेहरा पडलेला होता.

"हो," तो म्हणाला.

ताईने डोळे पुसले. ह्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मला माहीत होतं. सगळे म्हणत होते भरवसा ठेवू नको, पण मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो." मग डबा उघडला. "त्याच्यासाठी आणला होता. पण आता तो घरीच येईल की जेवायला. तू सकाळपासून उपाशी असशील. खा दोन घास."

त्याने खाल्ले. ताई म्हणाली आणखी घे, तर आणखी घेतले.